गाळून आणलेलं

शेवंतीच्या अंगावरची चादर बांबूच्या कमानीवर टाकली होती. कापडाचा स्पर्शही तिला सोसत नव्हता. म्हापशाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, महादेवला, बाजूला घेतलं आणि सांगितलं, "नातेवाइकांना बोलावून घ्या." आता आणखी काय विचारायचं?

बाहेर बाकावर विमानतळावरचे त्याचे साहेब बसले होते.

"डबा आपल्याकडचाच ना रे?"

"होय, साहेब."

गोव्यातून फिरंगी गेल्यावर विमानतळावर नोकऱ्या निघाल्या, त्यात हद्दीपलीकडच्या बांद्याचा महादेव लागला. रोज सकाळी विमानाच्या टाकीच्या तळातून थोडं इंधन काढायचं, त्यात पाणी उतरलंय का ते बघायचं, हे त्याचं काम. काढलेलं परत विमानात घालत नसत. महादेव ते निवळू द्यायचा, चामड्यातून गाळायचा आणि साहेबांच्या परवानगीने आपल्या फटफटीसाठी डबाभर पेडण्याला सासुरवाडीत न्यायचा. लग्न नवं, बिऱ्हाड मिळालेलं नाही, म्हणून शेवंती माहेरीच होती. पण गडी भलताच काटेकोर! डबा गोठ्यामागे ठेवायचा, तिकडे बिडीसुद्धा ओढायचा नाही.

"घरी सांगितलं होतंस, आत काय आहे ते?"

"देवाशपथ सांगितलं होतं! सासूबाईंना तिथे नेऊन दाखवलं. चुलीजवळ नेऊ नका म्हणून बजावलं. तरी कंदिलात ओतायला लावलंच ह्या बाईने!"

सासू, शांताबाई, भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिचं तोंड बघायची महादेवला इच्छा नव्हती. पण राग आवरेना.

"आये, कान फुटलेले काय तुमचे? पोटच्या पोरीक जाळलात!"

साहेब म्हणाले, "महादेव, हळू."

म्हातारीने मान वर केली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"घरातला तेल सरला. शेवंतीन इचारल्यान, तां घालू? मीच म्हटलंय, घाल. चुलीकडे न्हेवंक दिलंय नाय."

"आणि मी काय सांगान गेललंय?"

"पेट्रोल म्हणान सांगलात." तिने पदर तोंडाला लावला. "तुमी जेका रॉकेल म्हणतात, तेका आमी गोयकार पेट्रोलच म्हणतांव, जावयबापू. तां गासोलीन म्हणान सांगलां असतात, तर माज्या चेडवाच्या हातात दिलंय असतंय?"