फ्रिजच्या दारातली कॅप्सूल

“बाबा, फुलांची लग्नं लावता, मग आम्हाला जेवण कधी?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने विचारून टाकलं. बाबा हसलेच नाहीत. हातात टूथपिक धरून ते उघड्या फ्रिजसमोर उभे होते. आजोबांचं पांढरं ऑर्किड गेल्या वर्षी मेलं, पण त्याआधी बाबांनी त्याचा पराग औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून फ्रिजच्या दारात जपला होता. ज्याला तो पराग लावायचा, ते पिवळं ऑर्किड आज पहिल्यांदा फुललं, आणि कॅप्सूल गायब! “अहो, ती माझी पित्ताची नव्हती?” आईचा चेहरा पडला. “सकाळीच घेतली मी.” लेकीला आधी हसू फुटलं. मग बाबा पुटपुटले, “तुझ्या आजोबांचं आता काहीच उरलं नाही गं,” आणि तिचं हसू मावळलं. “ऐका दोघं,” टूथपिक काढून घेत ती म्हणाली, “पिवळ्याचा पराग माझ्या कंपासपेटीत राहणार. वर लिहीन, ‘आई, खाऊ नकोस.’”