वसंत वाचन, दिवस पाचवा

दर चैत्रात बडोद्यातल्या एका वाचनालयात आठ दिवस मराठी कथांचं वाचन असायचं. नयनाताई दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी तिथे वाचायला यायच्या. यंदा पहिल्या दिवशी अकरा माणसं होती. पाचव्या दिवशी उरले एकटे दीनानाथकाका, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आणि तेही रोजच्यासारखे दुसऱ्याच पानाला घोरायला लागले.

नयनाताईंनी पुस्तक मिटलं. घसा बसला होता, पाय भरून आले होते. त्यांनी काकांना हलवून जागं केलं.

"काका, झोपायचंच असेल तर घरी झोपा ना! मी वाचतेय कुणासाठी?"

काका ओशाळले. "माफ करा हं. घरी झोपच लागत नाही."

"का? बरं नाही का?"

"तब्येत एकदम सरस. मुलगा-सून जीव लावतात. पण नातवंडांमुळे घरात सगळं गुजरातीच चालतं. ही होती तोवर दिवा मालवल्यावरसुद्धा आमच्या गप्पा चालायच्या. ऐकता ऐकता कधी डोळा लागायचा, कळायचं नाही. तिला जाऊन दोन वर्षं झाली." ते चपला शोधू लागले. "उद्यापासून नाही येत."

नयनाताईंनी हाताला धरून त्यांना पुन्हा बसवलं. आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून घेतली आणि घरात बोलावं तशा हलक्या आवाजात पुढे वाचायला सुरुवात केली.