भगवंतरावांचा हेडफोन

“हाच,” भगवंतराव म्हणाले.

काउंटरवर मांडलेल्या हेडफोनांमधून त्यांनी सगळ्यात मोठा उचलला होता. काळा, दोन्ही कान पूर्ण झाकणारा.

“बाबा, सायकलवर हा?” रागिणीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. “मागून ट्रक आला तं समजन काय तुमाले?”

“समजते मले.”

“काई नाई समजत. भाऊ, दुसरा दाखवा. मागचा हॉर्न आयकू आला पाह्यजे, असा.”

दुकानाचा मालक धम्मदीप आत गेला आणि एक पातळ पट्टी घेऊन आला. कानात न जाता कानाच्या पुढं, गालाच्या हाडावर टेकणारी. “याच्यात कान उघडाच राह्यते ताई. गाणं हाडातून जाते, रस्त्याचा आवाज कानातून. सायकलवाले हाच नेतात.”

त्यानं तो भगवंतरावांना लावून दिला आणि आपल्या मोबाइलवर गाणं सुरू केलं. भगवंतराव त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“कसं वाटून राह्यलं काका?”

“गालाले गुदगुल्या होतात,” म्हणून ते हसले. त्यांना हसताना रागिणी कितीतरी महिन्यांनी पाहत होती.

गाणं चालू असतानाच तिनं बाहेर जाऊन स्कूटीचा हॉर्न वाजवला. काचेतून तिच्याकडे बघत भगवंतरावांनी हात वर केला. तिचं समाधान झालं.

भगवंतरावांचं वय त्रेसष्ट. वडाळीच्या मागं दीड एकरात झेंडू आणि शेवंती. पहाटे तोडलेली फुलं सायकलच्या दोन्ही बाजूंना बांधून ते अंबादेवीच्या रस्त्यावरच्या फुलवाल्यांना पोचती करायचे. हँडलला रेडिओ लटकवलेला असे. आधी गाणं यायचं, मग भगवंतराव.

मागच्या हिवाळ्यात रागिणीची आई, तानुबाई गेल्या. त्या होत्या तोवर दारात आलेल्याशी त्याच बोलायच्या, फोनही त्याच उचलायच्या. आता फोन वाजून वाजून बंद होई. रेडिओ भगवंतरावांनी शेजारच्या म्हातारीला देऊन टाकला. “त्याच्यात मजा नाई राह्यली,” एवढंच म्हणाले.

“तुहे बाबा लय बदलले वं,” फुलं विकणारी आरती रागिणीला म्हणाली होती. “मागून आवाज देल्ला तं वळूनई पाह्यत नाईत. लोकं म्हनतात, गर्व आला.”

गर्व कसला? आई गेल्याच्या दुःखानं ते आतल्या आत बसले आहेत, हे रागिणीला दिसत होतं. पण ती साईनगरला सासरी. रविवारी दोन तास वडाळीला येणार, भाकरी टाकून जाणार. अकोल्याचा शुभम, तिचा भाऊ, प्रत्येक फोनला एकच सांगे : “ते सायकल विक अन् त्यायले इकडे पाठव. फ्लॅटमंधी आरामात राह्यतीन.”

ही गोष्ट तिनं एकदा भगवंतरावांसमोर बसून काढली होती. ते हातावरचा शेवंतीचा डाग चोळत राहिले.

“सायकल गेली तं मी सकाळी कायसाठी उठू?”

त्यानंतर सायकल विकण्याचा विषय तिनं काढला नाही. पुढं त्यांनी स्वतः होऊन हेडफोन मागितला, तेव्हा तिला फार बरं वाटलं.

“काहून पाह्यजे?” तिनं विचारलं होतं.

“सारे पोट्टे लावतात ना. त्यायनं वळून नाई पाह्यलं तं कोनी राग नाई मानत.”

येणारा-जाणारा आईची आठवण काढतो, तेच त्यांना नको असेल. तिनं पुढं विचारलं नाही.

हेडफोन घेऊन आठवडा झाला. एका सकाळी ती वांग्याची भाजी आणि भाकरीचा डबा घेऊन वडाळीला आली. ते फुलं घेऊन निघून गेले होते, म्हणून ती स्कूटीवर मागं गेली, तर रस्त्यात ते पुढं जाताना दिसले. दोन्ही बाजूंना फुलांची पोती, गालांवर ती पट्टी, आणि मान तालात हलत होती. तिनं हॉर्न वाजवला. हाक मारली. पुन्हा हॉर्न. त्यांची मान तशीच हलत राहिली. एवढ्यात एक ट्रक मागून जोरजोरात हॉर्न देत आला आणि पोत्याला घासून पुढं गेला. सायकल डगमगली, झेंडू रस्त्यावर सांडला.

रागिणी धावत आली. तिनं सायकलचं हँडल धरलं.

“किती मोठ्यानं लावता बाबा! जीव गेला असता ना!”

“गाणं चांगलं होतं,” भगवंतराव म्हणाले.

“कोनतं गाणं? आना इकडे.”

त्यांनी पट्टी पटकन हातानं धरली, पण तिनं ती ओढूनच घेतली आणि स्वतःला लावली. ट्रकमागून ट्रक गेले, त्यांचाच आवाज तिला येत राहिला. भगवंतरावांनी मान खाली घातली.

मग तिनं पट्टी काढून त्यांना नीट लावून दिली. हनुवटी धरून त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

“लय चांगलं गाणं हाये,” ती म्हणाली.

दोघांनी मिळून रस्त्यावरचा झेंडू वेचला.

दुपारी शुभमचा फोन आला. “मंग, रविवारी गाडी घेऊन येऊ काय बाबाले न्यायले?”

“नको येऊस.”

“काहून? काई झालं काय?”

“काई नाई. गाणे आयकून राह्यले ते.”

संध्याकाळी ती परत दुकानात गेली. धम्मदीपनं तिला ओळखलं.

“काय झालं ताई, खराब निघाला?”

“नाई. तो चांगला हाये.” तिनं काउंटरकडे बोट दाखवलं. “हा मोठा द्या. लाल रंगात हाये काय?”

“हाये. पन हा तं कान पुरा झाकते. तुमीच नाई म्हनल्या होत्या.”

त्यानं लाल हेडफोन काढून तिच्यासमोर ठेवला. तिनं तो धम्मदीपलाच घालायला लावला आणि लांबून कसा दिसतो ते पाहायला दुकानाच्या दारापर्यंत गेली. मग पसंतीची मान हलवली.

“गाणं लावून दाखवू काय? आवाज पाहून घ्या.”

“नाई वाजला तरी चालते भाऊ,” रागिणी म्हणाली. “मागच्या ट्रकवाल्याले दुरून दिसलं पाह्यजे, का माह्या बाबाले आयकू येत नाई.”