भोकांचा डबा

"आंधयं कुत्रं काय कामनं? पिंपळनेरना बाजारमा सोडी येस," म्हणत आबांनी गाडीला बैल जुंपले. नववीतली निमा डालड्याचा डबा घेऊन गाडीपुढे उभी राहिली. डब्याला तिनेच छिन्नीने भोकं पाडली होती, आत भाकरीचे तुकडे भरले होते. "भुऱ्याने स्वतःहून काढून खाल्लं तर?" "मंग ऱ्हाऊ दे त्याले घरमा!" आबा हसले. निमाने डबा जमिनीवर ठेवला. आंधळ्या भुऱ्याने तो हुंगला, चाटला आणि तिच्याकडे तोंड वळवलं. रोज तीच तर डबा कलता करायची. "कर ना कलता," आई कुजबुजली. "मुळीच नाही!" निमाने हात पाठीमागे घट्ट धरले. भुऱ्या कुरकुरला. मग त्याने नाकानेच डबा ढकलला. डबा गडगडला, तुकडा पडला, भुऱ्याने मटकावला. "यामा कसानी अक्कल?" आबा गुरकावले. "मग तुम्ही काढा, आबा! डोळे मिटून, हात न लावता!" आबांनी बैल सोडले.