प्राणहिता

चपात्या लाटता लाटता मी प्रश्न विचारायची आणि हे उत्तरं द्यायचे. तलाठी परीक्षेच्या तयारीत आमच्या लग्नाची आठ वर्षं अशीच गेली. यंदा वयाच्या अटीतली ह्यांची शेवटची संधी होती. "तूही बस, मला सोबत होईल," म्हणत ह्यांनी माझाही फॉर्म भरला. 'महिला आरक्षण'वर टिकसुद्धा ह्यांनीच केली.

काल यादी लागली. ह्यांना माझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते, पण महिलांचा कटऑफ खाली आला आणि नाव माझं लागलं. ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. "बायको तलाठी झाली," असं प्रत्येक दारात हसून सांगितलं. घरी आल्यावर चप्पल काढायचीसुद्धा विसरले.

आज सकाळी हे नेहमीसारखे ओट्याजवळच्या स्टुलावर येऊन बसले. पुस्तक मिटलेलंच होतं. मी पोळपाट पुढे ओढला. सवयीनं विचारलं, "अहो, वर्धा आणि वैनगंगा मिळून कोणती नदी होते?"

'प्राणहिता' हे उत्तर आठ वर्षांत ह्यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

ह्यांनी पुस्तकाची दुमडलेली पानं एकेक करून सरळ केली.

"तुला येतंय ना? मग झालं."