अकरा ते बारा

कोर्टातली भेटीची खोली. भिंतीवर कागदी जिराफ. त्याच्या एकाच पायात बूट. ‘मूल वडिलांशी बोललं का? खेळलं का?’ अहवालाच्या फॉर्मात दोन रकाने. सात महिन्यांपूर्वी नवराबायको वेगळे झाले, आणि आज कोर्टाने बापाला मुलीबरोबर हा पहिला तास दिला होता. दर रविवारी भेट मिळणार की नाही, ते समुपदेशक बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. मुलगी आली, त्याच्या मांडीवर चढली आणि गाढ झोपली. पावणेबारा झाले. “अहो, उठवा तिला. मी लिहू काय, कपाळ?” बाई कुजबुजल्या. त्याने तिच्या गालाजवळ बोट नेलं आणि मागे घेतलं. “झोपू द्या हो. कोरंच पाठवा.” बारा वाजले. बाई रकाने सोडून खालच्या जागेत लिहू लागल्या. बाबा घरातून गेल्यापासून पोरीच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असं आईनेच सकाळी त्यांना सांगितलं होतं.