बिनदारूची बैठक

दारू सोडल्यापासून आठ महिन्यांत दिगंबर सामंतांच्या गच्चीवर एकही मित्र फिरकला नव्हता. म्हणून आज त्यांनी तिन्ही जुन्या मित्रांना स्वतः फोन करून बोलावलं होतं. दुपारपासून ते ओट्याशी उभे होते. कलिंगडाचा रस गाळला, मोसंब्या पिळल्या, त्यात लिंबू, चुरगळलेला पुदिना आणि चिमूटभर काळं मीठ घातलं.

"येतील ना गं?" त्यांनी बायकोला तिसऱ्यांदा विचारलं.

"येतील हो! तुम्ही आधी तो बर्फ फोडा."

संध्याकाळी तिघेही आले. वरून सोडा ओतल्यावर लालभडक ग्लास काठोकाठ फसफसले. दोघांनी लगेच उचलले. लोबोने मात्र ग्लास नुसता नाकाशी नेला. चौघांत सगळ्यात जास्त पिणारा तोच.

"सामंता, यात काय घातलंयस?"

"फळं," दिगंबर म्हणाले. "दुसरं काही नाही." आता हा उठून जाणार, असं त्यांना वाटलं.

लोबोने एका दमात ग्लास रिकामा केला.

"मला डॉक्टरांनी जानेवारीतच बंद करायला सांगितली. सोडलीसुद्धा. पण तुम्हाला सांगायची लाज वाटायची, म्हणून कुणाकडे जातच नव्हतो."

मग दिगंबर एवढ्या मोठ्याने हसले की बायको धावत जिना चढून आली.

"काही नाही गं," ते उठत म्हणाले, "आणखी मोसंब्या पिळायला हव्यात. लोबो आता दर शनिवारी येणार आहे."